अर्जात नसलेला रकाना

सोमवारी संग्रहालय बंद असतं,
मागचं दार तेवढं उघडं.
वस्तू द्यायला येणारे सोमवारीच येतात,
गाडी जरा लांब लावून,
हातात खोका, खोक्यावर जुना टॉवेल,
आत जणू आजारी मांजर.

त्याआधी मी काचा पुसून घेते.
रविवारची माणसं काचेवर राहिलेली असतात,
बोटं, तळवे,
खाली कमरेच्या उंचीला एखाद्या नाकाचा ठिपका.
सगळ्यात जास्त जत्रेतल्या फळीपुढे.
फळीला मधोमध भोक.
त्यातून एक काळा माणूस डोकं बाहेर काढून उभा राहायचा,
पाच सेंटला तीन चेंडू.
भोवती रंगवलेलं हसू अजून ताजं आहे
आणि भोकाचा काठ गुळगुळीत,
मान टेकून टेकून.
मुलं भोकातून पलीकडे बघतात.
पलीकडे मी असते, फडकं घेऊन.

आज आला तो रॉजर हूकस्ट्रा,
लाकडाच्या गिरणीतून निवृत्त, कानात यंत्र.
टॉवेल उलगडला. बिस्किटांची बरणी.
जाडजूड बाई, डोक्याला ठिपक्याठिपक्यांचा रुमाल,
ओठ कलिंगडाच्या फोडीएवढे.
झाकण उचललं की डोकंच हातात येतं.

“आजीची,” म्हणाला, “चाळीस वर्षं ओट्यावर होती.
आम्ही तिला नाव ठेवलं होतं, लाडाचं.”
कोणतं, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
मधे एका टिंबाचं अंतर.

मी अर्ज पुढे केला.
वस्तू. साल. उंची. तडा आहे का?
होता, मानेपाशी, सरसानं सांधलेला.
“मी फोडली. सात वर्षांचा होतो. फार रडलो.
आजी रात्रभर बसली जोडत.”
मग बराच वेळ पेन बोटांत फिरवत राहिला.
“मिस टॉलिव्हर,
आजी चांगली होती, हे कुठे लिहायचं?”

हे मला सगळेच विचारतात.
कुणाची आजी, कुणाची आई,
कुणाचे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे काका.
पूर्वी राग यायचा.
माझी आई, इल्डा मे, अशाच एका ओट्यापाशी राबली,
शुक्रवारी पाकीट, नाताळला उरलेलं हॅम,
आणि पाठीमागे फळीवर ही, हसत.
घरी आल्यावर बूट काढायच्याही आधी
आई तोंड सैल सोडायची,
कमरेचा पट्टा सोडावा तसं.
मला वाटायचं, दमली असेल.

“मागे लिहा,” मी म्हटलं, “मागे जागा आहे.”
त्यानं लिहिलं. अक्षर मोठं, शाळेतल्या पोरासारखं.
तो असेपर्यंत मी वाचलं नाही.

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेल्यावर
तिचं डोकं उचललं.
आत अजून वास आहे,
आल्याचा, काकवीचा.
खरं सांगते, तोंडाला पाणी सुटलं.
मग लाज वाटली,
मग त्या लाजेचाच संताप आला
आणि मी झाकण इतक्या जोरात ठेवलं
की जुना सांधा करकरला.

कागदामागे तीनच ओळी.
शेवटची: तिनं मला कधी मारलं नाही.
मी कागद फाइलीत लावला.
पाटीवर फक्त: भाजलेल्या मातीची बरणी, दुरुस्त केलेली. भेट.
मागे आरसा ठेवलाय,
म्हणजे मान दिसते.

काल रविवारी तो पुढच्या दारानं आला,
तिकीट काढून, नातीचा हात धरून.
मी कोपऱ्यात जमिनीवर सांडलेलं कोक टिपत होते.
पोरीनं नाक काचेला लावलं.
“आजोबा, ही कोण?”
त्यानं कानातलं यंत्र चाचपलं,
ऐकू आलं नसल्यासारखं.
तिनं पुन्हा विचारलं,
या वेळी आरशात बघत,
माझ्याकडे.