नऊशे चाळीस ग्रॅम

मोठी दुर्बीण विकली मी.
ऐंशी मिलिमीटरचं तोंड,
दोन किलोला जरा कमी, शिवाय तिवईचं ओझं.
पूर्वी तिवई उल्का घ्यायची, नळी मी,
पाषाणच्या तळ्याच्या बांधावरून
पालखीला खांदा दिल्यासारख्या चालायचो.
उल्काची बदली नागपूरला झाली
आणि माझ्या कमरेतली एक चकती
डॉक्टरांच्या फिल्मवर फुटाण्याएवढी बाहेर दिसली.
"वजन उचलायचं नाही," म्हणाले.
पक्षी बघायचे नाहीत, असं नाही म्हणाले.

कॅम्पात मुर्तझाभाईंच्या दुकानात
काळ्या मखमलीवर दोघी शेजारी शेजारी:
एक पासष्टची, एक पन्नासची.
"ताई, काच मोठी तेवढा उजेड जास्त."
"भाई, काच मोठी तेवढी पाठ लहान."
ते हसले. मीही हसले, पण बसूनच.

मग नेत्रिका.
ते आयपीस म्हणतात. मी तेहतीस वर्षं
नववी-दहावीला भिंगं शिकवली,
शब्द काही सुटत नाही.
त्यांनी पुढे केली झूमवाली, पंधरा ते पंचेचाळीस.
दारात उभी राहून समोरच्या इमारतीवरची
पाण्याची टाकी बघितली. टाकीवर घार.
पंधरावर घार होती, टाकी होती, आकाश होतं.
पंचेचाळीसवर नुसती चोच उरली,
आणि तीही तिन्हीसांजेतली,
बाहेर अकराचं ऊन रणरणत असताना.
मुलांना फळ्यावर सूत्र लिहून दिलं होतं याचं.
डोळ्यांनी आज समजलं.

दुसरी साधी. वीसची, वाढत नाही, कमी होत नाही.
पण चष्मा न काढता अख्खं वर्तुळ दिसलं,
कडेपर्यंत स्वच्छ,
घार उडाली तेव्हा तिच्यामागे जाता आलं.
"हीच," म्हटलं.
"विचार करा, नंतर झूम हवंसं वाटेल."
वाटेल. माहीत आहे.

पुस्तिकेतल्या वजनावर माझा विश्वास नाही.
दुकानातल्या पोऱ्याला बरोबर घेऊन
शिवाजी मार्केटबाहेर सोजरबाईंच्या काट्यावर ठेवली,
नेत्रिकेसकट, टोपणासकट.
नऊशे चाळीस.
"एवढ्यात चांगला दुधी येतो," बाई म्हणाल्या,
"आणि त्याची भाजी होते."

डिसेंबरात कवडीला गेले.
हडपसरपासून रिक्षा, पुढे पायी,
नदीवर फेस, फेसावर धुकं,
आणि त्या सगळ्या घाणीत
थापट्यांची रांग, शेकाट्यांचे लाल पाय.
पाठ दुखली नाही. हे लिहून ठेवते,
कारण दुखली असती तर तेच लिहिलं असतं.

एक तुतवार एकटाच चिखल टोचत होता.
डाव्या पायात पिवळी पट्टी.
कुणीतरी कुठेतरी त्याला हातात धरलं होतं,
नंबर घातला होता, सोडलं होतं.
श्वास रोखला. चार. सात.
तिसरा आकडा हलत राहिला,
एक असेल, नाहीतर सात.
मोठीतून दिसला असता.
हे स्वतःशी कबूल करायला
मला पाचेक मिनिटं लागली.

उल्काला फोन लावला.
"चार, सात... आणि पुढे?"
"पुढे नाही दिसत."
"विकायची नव्हतीस गं," ती म्हणाली,
आणि मग विचारलं, "थापट्या किती आहेत?"

फोन ठेवला.
दुर्बीण तिवईसकट एका हातानं उचलली,
खांद्यावर टेकवली
आणि चिखलातून त्याच्याकडे
वीस पावलं गेले.
एवढं आता जमतं.

तोही वीस पावलं पुढे गेला.
त्याची पावलं लहान, म्हणून मी मोजत थांबले.