बनूबाईचं आडनाव

दुपारी दीडच्या मालिकेत नऊ वर्षं
ती डावीकडून यायची, डावीकडेच जायची.
हातात ट्रे, ट्रेमध्ये सहा कप,
कपांत चहा नसायचा.
सरपोतदारांच्या घरात चहा प्यायची उसंत
होती तरी कुणाला?
सून पळून गेली, सून परत आली,
थोरला मेला, चेहरा बदलून जिवंत झाला,
बनूबाई म्हणायची, "आणते हं,"
आणि जायची.

कुठं जायची, ते मी कधी लिहिलंच नव्हतं.

मार्चमध्ये चॅनेलनं बोलावलं.
अंधेरीतल्या काचेच्या खोलीत
तेविशीतला एक मुलगा आलेख दाखवत म्हणाला,
ही बाई आली की रेषा वर जाते, सर.
धुळ्यात, परभणीत, लालबागला
भांडी आवरून टेकलेल्या बायका
हिच्यासाठी थांबतात.
हिची वेगळी मालिका काढू.
दोनची वेळ मोकळी आहे.

म्हणजे आता तिला घर हवं.
घराला दार, दाराला पाटी,
पाटीवर आडनाव.
घोडबंदर रोडला सेटच्या मागे
जनरेटरशेजारी खुर्ची टाकून
मी जुने भाग चाळत बसलो.
आडनाव कुठंच नाही.
नवरा मात्र दोनदा सापडला.
भाग दोनशे बारा:
"आमचे हे गेले, ताई. पूर आला त्या साली."
भाग सहाशे चाळीस:
"उद्या सुट्टी द्या. ह्यांच्या पायाचं प्लास्टर काढायचंय."
दोन्ही वाक्यं माझीच.
मधे चारशे अठ्ठावीस भाग
आणि माझा गृहकर्जाचा हप्ता.

मुलगा म्हणाला, सोपंय, मेलाच नव्हता म्हणू.
निर्माते म्हणाले, दोन नवरे होते म्हणू.
हेमलता नार्वेकर कोपऱ्यात मेकअप पुसत होती.
नऊ वर्षं तीच बनूबाई,
दिवसाला अडीच हजार,
नव्वद दिवसांनी चेक.
म्हणाली, "राहू दे की तसंच.
मालकिणीला खरं सांगतं कोण?
एका दाराशी नवरा मारायचा,
दुसऱ्या दाराशी आजारी पाडायचा.
जिथं जे चालेल त्यावर सुट्टी."
कापसाचा बोळा तिनं उलटा केला.
"आई पाच घरची कामं करायची माझी.
आजी सात वेळा वारली.
मला दोनदा टायफॉइड, एकदा लग्न.
तेव्हा मी सातवीत होते."

आरशातच आमची नजर भेटली.
मी लॅपटॉप मिटला.

आडनाव तिनंच दिलं: घाग.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी प्लायला अजून रंगाचा वास होता.
एकाच प्लायची भिंत:
पलीकडून सरपोतदारांचा ओटा,
अलीकडून बनूबाईंची खोली,
पोपडे मुद्दाम काढलेले, कालनिर्णय, खाट.
दिग्दर्शक म्हणाला, ताई, घरी आलात, आता बसा.
"कुठं बसू?"
कुठंही. तुमचंच घर आहे.
ती खाटेच्या कडेवर टेकली,
दुसऱ्याकडे टेकावं तशी.
कॅमेरा खाली घ्यावा लागला.
तिच्या बसण्याची उंची कुणाला ठाऊकच नव्हती.
हात रिकामे.
ती मांडीवरच्या निऱ्या सारख्या करत राहिली,
पुन्हा, पुन्हा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून मोठ्या बाईंचा आवाज:
"बनूऽ, चहा आण गं!"
तिथल्या नव्या बाईचं नाव सुलू आहे,
मी स्वतः लिहिलंय,
पण मोठ्या बाईंच्या तोंडात जुनंच बसलेलं.

हेमलता अर्धी उठली.
माझा श्वास घशात.
मग ती परत बसली,
या वेळी मागे सरकून, पाय वर घेऊन,
पाठ पुरती भिंतीला लावून.
प्लाय हलली.
पलीकडे फळीवरचे सहा रिकामे कप
किणकिणले.

ध्वनिवाल्यानं हात वर केला:
आवाज आलाय, पुन्हा घ्यावं लागेल.

पुन्हा घेतलं नाही.