छोटा, मधला, मोठा

उदगीरच्या स्टँडसमोर आमचं दुकान.
पाटीवर 'मन्मथ कोल्ड्रिंक्स', खाली तीन ग्लास रंगवलेले :
दहा, वीस, तीस.
पेंटरनं तिन्ही एकाच उंचीचे काढलेत,
जागा तेवढीच होती म्हणे.

हिशेब माझ्याकडं.
बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं,
भागाकार काही सुटला नाही.

छोट्यात पंचवीस मिली सिरप, दोन रुपये.
गॅस चाळीस पैसे, बर्फ तीस,
कागदाचा कप साठ,
भाडं नि लाइटबिल मिळून एक वीस.
आणि ताजोद्दीन, दीड रुपया.

ताजोद्दीन पूर्ण घेतला तर दिवसाला तीनशेचा.
दोनशे ग्लास गेले की दीड रुपयाचा होतो.
मोठ्या ग्लासातही तो दीडच :
तोच नळ, तोच अंगठा,
बर्फ तेवढा तिप्पट.
मोठ्यात आम्हाला साडेवीस सुटतात, छोट्यात चार,
आणि अहमदपूरची गाडी लागली की
खिडकीतून येणारे सगळे हात छोट्याचे.
मधला नुसता उभाय,
मोठा मागताना लाज कमी वाटावी म्हणून.

डिसेंबरात चाळीस ग्लास.
तीनशे भागिले चाळीस, साडेसात.
छोटा आम्हालाच पडतो सोळा ऐंशीला,
म्हणजे वर पैसे देऊन पाजायचं.
ताजोद्दीन फडकं घेऊन उभा,
पुसलेलंच पुसत.
"वहिनी, मी नुसता हुबा ऱ्हातो
ते कोणत्या ग्लासात धरायलाव?"
"सगळ्यांत थोडं थोडं."
"म्हंजे बर्फावानी."

एका रात्री मी स्वतःलाही मांडलं.
लिंबं पिळायला दोन तास, पाक करायला दीड,
ताजोद्दीनच्या भावानं साडेसत्याऐंशी रुपये.
ग्लासामागं चव्वेचाळीस पैसे.
मन्मथ वही बघून हसले.
"घरचे पैसे घरालाच द्यायचे? कामून?"
मी खोडलं नाही.
पेनानं लिहिलेलं पेन्सिलनं परत लिहिलं,
त्यांना वाटावं, पुसता येईल.

छोटा बाराला करायचं ठरलं.
दोन दिवस केलाही.
दोन रुपये सुट्टे कुणाकडंच नव्हते,
बरणीभर गोळ्या वाटल्या परत देताना,
एक शाळकरी पोरगी म्हणाली,
गोळी नको, दोन रुपयांचं वरून घाला.
पाटी पुन्हा दहा.

मग लातूरहून कपवाले बिराजदार आले.
पिशवीतून नवा कप काढला, जुन्याशेजारी ठेवला.
उंची तीच, तोंड तेच.
उलटा केला तेव्हा कळलं,
बूड बोटभर आत ढकललंय.
"कुणाला दिसत नाही," म्हणाले,
आणि चहासुद्धा न घेता ऑर्डर घेऊन गेले.

ताजोद्दीनच्या अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तो जुन्याच मापानं भरायचा
आणि काळा खट्टा काठावरून फरशीवर.
सांडलेलं कोणत्या रकान्यात घालावं
मला तीन दिवस ठरवता आलं नाही.
चौथ्या दिवशी सांडायचं थांबलं.
अंगठा शिकला होता.

त्याच संध्याकाळी शटर ओढता ओढता त्यानं
वीस रुपये वाढवून मागितले.
मन्मथ म्हणाले, बघू.
मी म्हटलं, उन्हाळ्यात बघू.
तो म्हणाला, "उन्हाळाच चालू हाय की, वहिनी."

वीस भागिले दोनशे.
ग्लासामागं दहा पैसे.
दहा पैशाचं नाणं शेवटचं कधी बघितलं
आठवत नाही,
पण आम्ही दोघं नवराबायको त्यावर
तीन रात्री भांडलो, दबक्या आवाजात,
शेजारच्या पातेल्यात उद्याचा पाक
एकतारीचा दोनतारी होईपर्यंत.