टँकरवाल्याचा निकाल

मेलानिया बाईंनी मला परीक्षक केलं,
कारण म्हणे या किनाऱ्यावर
पाण्यातलं मलाच जास्त कळतं.
मी सातवी नापास. मला टँकरमधलं कळतं:
किती लिटर, किती चढ, कुणाची उधारी.

आमच्याकडे पाऊस ही ऐकीव गोष्ट.
एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाळवंट,
आणि मधोमध पहाटे डोंगर चढणारं
कामानचाका, म्हणजे आमचं धुकं:
सदरा भिजवतं, घसा कोरडाच ठेवतं.

बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं,
"गावातलं असं पाणी शोधा, जे कुणाच्या हिशेबात नाही.
एक पेला भरून आणा.
विकत काही घ्यायचं नाही."

पहिल्या रात्री धुकंच फिरकलं नाही.
अकरा यंत्रं, अकरा कोरडे पेले.
मला वाटलं, आता रडारड.
बाई उलट खुशीत: "लिहून ठेवा रे, वारा कुठून होता?"
आमच्या वेळी चुकलं की
हाताचा तळवा पुढे करायचा असे.

शनिवारी पुन्हा गेलो.
उलिसेसनं बापाचं मासेमारीचं जाळं ताणलेलं;
भोकं एवढी, की धुकं
टोल न भरता आरपार गेलं.
पेल्यात चार थेंब, एक माशी.
चायापा जुळ्या आठवडाभर निवडुंगासमोर बसून होत्या,
काटा थेंब कसा धरतो ते बघत.
मग थर्माकोलमध्ये तीनशे सुया.
अर्धा पेला भरला, आणि गल्लीतलं शिवणकाम बंद पडलं.
नायारेतनं फुटक्या गिटारच्या तारा उभ्या बांधल्या.
ठिबकण्याआधी त्या वाजायच्या.
तिचा पेला मोजायचा राहूनच गेला,
आम्ही ऐकत बसलो.

शेवटी एलिसेओ. नऊ वर्षांचा, शर्टाला दोनच बटणं.
पेला काठोकाठ.
मी घोट घेतला.
गंज, क्लोरीन, जुनं रबर.
ही चव मी झोपेतही ओळखीन.
"हे तर माझ्या टँकरचं!"
चोर, चोर, असा एकच गिल्ला.
पेल्यातलं वादळ म्हणतात ते हेच असावं.

बाईंनी हात वर केला.
"कसं आणलंस, ते दाखव."
कसं, म्हणाल्या. का, नाही.

तो मला माझ्याच टँकरखाली घेऊन गेला.
दोघं पोटावर सरपटत.
तिथे, मागच्या कॉकखाली,
बुटाच्या नाडीनं बांधलेला सार्डिनचा डबा;
डब्याला भोक, भोकात बॉलपेनच्या नळ्या, एकात एक.
मंगळवारपासून मी ते घेऊन हिंडत होतो.

"चौकात तुम्ही दोन तास थांबता," तो म्हणाला.
"मिनिटाला चाळीस थेंब. मी मोजलेत.
धुक्याचा भरवसा नाही.
तुम्ही नेमानं गळता."

एकोणीस वर्षं.
विहिरीपासून इथवर चौसष्ट किलोमीटर
माझ्यामागून एक ओली रेघ येत होती
आणि आरशात मला फक्त धूळ दिसली.

निकाल काय द्यायचा?
म्हटलं, मला नाही कळत.
बाई म्हणाल्या, "हाच द्या."

पुढच्या मंगळवारी एलिसेओ चौकात उभा,
हातात सायकलच्या ट्यूबमधून कापलेली चकती.
तेरावी. आधीच्या बारा घरच्या नळावर फसल्या.
ही बसली.
कॉक पिळला. दोघं उकिडवे बसून राहिलो.
खाली जमीन कोरडी ती कोरडीच.

आणि तेव्हा त्याचं तोंड उतरलं:
"मग आता माझा पेला?"

केबिनमागे तारेचं एक भेंडोळं होतं.
विकत घेतलेलं नाही, पडून होतं.
ते त्याच्या पायाशी टाकलं
आणि उधारीची वही उघडून बसलो.
बायको म्हणते, पोरांना तार देतोस,
उद्या धंदा बुडेल.
बुडू दे.
इथे काही बुडायला
आधी तेवढं पाणी तर हवं.