दहावा

प्रेस्टविचच्या सिनेगॉगमधला बॉयलर
सकाळपासून खोकत होता.
मी तळघरात गुडघ्यांवर,
तोंडात तीन स्क्रू धरलेले,
तेव्हा जिन्यावरून रब्बी खाली वाकले:
"तू ज्यू आहेस का?"
माझा रंग पाहून
प्रश्न त्यांच्या जिभेवर क्षणभर अडखळला होता.
मी स्क्रू तळहातावर काढून घेतले
आणि शेमा म्हणून दाखवली,
रेवदंड्याच्या चालीत.
"माफ कर," ते म्हणाले. "चल.
आम्ही नऊच आहोत."

नव्याचा सण होऊन गेलेला,
दरफाळणीच्या सणाला चार दिवस बाकी.
आमच्याकडे त्या दिवशी दारं लावून घेत.
वडील म्हणायचे, देव त्याचं येणं सोडून देईल रे,
शेजाऱ्याचं कसं सोडेल?
तो काय शेजाऱ्याचा मुनीम आहे?

माफी मागणारे मिस्टर गरफिंकल, वय एक्क्याण्णव.
कबरीत त्यांचा भागीदार, आल्फी.
चीटम हिलला दोघांचा रेनकोटचा कारखाना होता.
तो जळला.
विम्याच्या कागदावर सही आल्फीची.
काडी कुणी ओढली, कोर्टाने विचारलं तेव्हा
मिस्टर गरफिंकल खाली वाकून
बुटाची नाडी बांधत होते.
आल्फी अठरा महिने आत.
सुटल्यावर एकदा रस्त्यात भेटला,
टोपी उचलून "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि गेला.
"शिवी दिली असती," म्हातारा गाडीत मला सांगत होता,
"तर तिथल्या तिथे फिटलं असतं."

कबरीशी अनवाणी उभं राहायचं असतं.
म्हाताऱ्याची बोटं नाडीपर्यंत पोचेनात.
बाकीचे दगडांवरची नावं वाचत राहिले.
मी बसलो खाली, मला सवय आहे.
गाठ पावसाने फुगलेली, घट्ट.
खिशातल्या बारीक पकडीने सोडवली.
आत दोन पायांत दोन वेगळे मोजे,
तेही काढले.
निळसर पाय ओल्या गवतात उभे राहिले.

"इस्राएलाच्या देवाचा मी गुन्हेगार,
आणि या माणसाचा."
मग काय काय केलं ते त्यांनी सांगितलं,
रक्कम पेन्सांपर्यंत.

आता आम्ही दहांनी तीनदा म्हणायचं होतं: तुला माफ.
मेलेल्याच्या वतीने.
हे वकीलपत्र मला कुणी दिलं?
आल्फीला मी कधी पाहिलंही नाही.
पहिल्यांदा म्हणालो.
दुसऱ्यांदाही म्हणालो.
तिसऱ्यांदा तोंड उघडलं
आणि हनोख आठवला, माझा धाकटा भाऊ.
आमची घाण्याची जागा विकली तेव्हा
त्याच्या नावाची सही मीच केली होती,
त्याच्यापेक्षा सफाईदार.
तो जिवंत आहे. लोदला असतो, विमानतळाच्या बाजूला.
त्याच्यापुढे उभं राहायला
दहा माणसं लागत नाहीत.

वारा होता. कुणाला कळलं नाही.
नऊ आवाज दहा म्हणून धरले गेले.
वर कसे मोजतात, मला माहीत नाही.

म्हाताऱ्याने प्रत्येकाचा हात हातात घेतला,
माझा जरा जास्त वेळ.
बूट मी घातले त्यांच्या पायात.
नाडी बांधू का विचारलं.
"नको," म्हणाले, "राहू दे."
आणि सुटे बंद ओढत गाडीपर्यंत गेले.

तळघरात परत आलो.
एक स्क्रू बसवला. दुसरा बसवला.
बॉयलर पेटला, पाइपांतून ऊब वर निघाली.
वर कुणीतरी खुर्च्या मांडत होतं
दारं लावायच्या दिवसासाठी.

तिसरा स्क्रू अजून दातांत आहे.
जिभेवर लोखंडाची चव.