आडोसा

रविवारी पहाटे मी सायकल बाहेर काढतो
तेव्हा गल्लीत फक्त निकोलेत्ताच्या बेकरीचा दिवा,
आणि पावाचा वास.
टायर अंगठ्याने दाबून पाहायचा,
बाटलीत पाणी, खिशात दोन सुके अंजीर.
साठीनंतर फार सामान लागत नाही.

गाव संपतं तिथे डांबर अरुंद होतं.
दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांचे बांध:
ना चुना, ना माती,
फटीफटीतून सरडे आणि केपरची पांढरी फुलं.
तासाभरात दोन गाड्या भेटल्या तर गर्दी म्हणायची.
एक तर पांतालेओची तीनचाकी, मागे टोमॅटोच्या पाट्या.
तो हॉर्न वाजवत नाही,
खिडकीबाहेरचं कोपर जरा उचलतो.
मग पुन्हा साखळीची किरकिर.

चॅपेलच्या वळणावर ओरोंझो येऊन मिळतो.
मिळतो म्हणजे काय,
पन्नास पावलं मागे राहून चालवतो.
माझ्या बहिणीचा नवरा.
अकरा वर्षांचा अबोला,
सात ऑलिव्हच्या झाडांवरून.
वडिलांनी तोंडी तिला दिली होती,
कागदावर नाव माझं.
कोर्टात साहेबांनी नकाशा उलटा धरला होता,
तरी आम्ही दोघांनी मान डोलावली.

मग रोग आला.
आधी पानांच्या कडा करपल्या, मग शेंडे,
आणि दोन उन्हाळ्यांत
पणजोबांच्या आधीचं सगळं रान
राखेच्या रंगाचं झालं.
सातही गेली.
रोगाने कागद पाहिला नाही.
आता तिथून जाताना आम्ही दोघेही
उजवीकडे बघतो.
खोडं डावीकडे आहेत.

पुढे उतार, गव्हाची धसकटं,
एक पडकं शेतघर, त्याच्या छपरावर कुणाचा तरी कोंबडा,
आणि पाइनच्या रांगेमागून एकदम समुद्र,
परातीत काठोकाठ ओतून ठेवलेला.

गेल्या रविवारी मात्र त्रामोंताना सुटला.
उत्तरेचा वारा, परतीच्या वाटेवर थेट छातीवर.
होड्या किनाऱ्यावर पालथ्या.
मी हँडलवर वाकलो, गुडघे कुरकुरले.
इतका हळू की
कडेच्या बडीशेपेची झुडपं एकेक करून मोजता यावीत.
पन्नास पावलांची चाळीस झाली, मग वीस,
मग त्याचं चाक माझ्या चाकामागे हातभर.
मी वळून पाहिलं नाही.
समोरच्या वाऱ्यात पुढचा मरतो, मागचा तरतो,
हे शेंबड्या पोरालाही कळतं.
झाडं झाली, मी मनात म्हटलं,
आता माझी पाठ हवी याला.

तेवढ्यात तो बाजूने पुढे आला.
धापा टाकत, मान खाली.
माझ्यासमोर आला
आणि तिथेच राहिला.
वारा त्याच्या अंगावर गेला.
माझ्या कानांत एकदम शांत.
समोर त्याची पाठ, घामाने भिजलेली,
शर्टावर खांद्यापाशी एक ठिगळ.
तो टाका मी ओळखतो,
आईचा असाच जरा तिरका पडायचा.

मीठ सुकवायच्या जुन्या कुंडांपर्यंत त्याने ओढलं.
मग उजवं कोपर हललं. एवढंच.
मी पुढे गेलो.
मग तो.
मग मी.
किती वेळा, मोजलं नाही.

बांध सुरू झाले तसा वारा पडला.
चॅपेलपाशी तो एरवी न बघता वळतो.
थांबला. मागचं चाक मऊ झालं होतं.
हात पुढे केला, नुसता हात,
मी पंप दिला.
त्याने हवा भरली, पंप उलटसुलट करून पाहिला.
"व्हॉल्व्ह ढिला झालाय तुझा."
"माहीत आहे," मी म्हटलं.
तो गेला.

घरी बायको म्हणाली, एवढा उशीर?
वारा होता, म्हटलं.
पंप खुंटीला लावला.
व्हॉल्व्हचं काम दोन मिनिटांचं आहे, पाना हाताशीच होता.
राहू दिला तसाच.