हळू ठोक

डोमाजी नाकाडे बावीस वर्षं किल्लेदार झाला.
दाराला पाठ लावून असा रडायचा
की मंडईच्या रात्री शेजारच्या गावचे म्हातारे
नोटा टाचायला स्टेजवर चढायचे.
बाहेर पोरगा, पोराच्या मागे गनीम,
आत गाव, आणि बापाच्या कमरेला किल्ली.
गोष्ट एवढीच. लिहिणाऱ्याचं नाव
वहीच्या पहिल्या पानाबरोबर वाळवीनं नेलं.

यंदा डोमाजीचा घसा बसला तो उठलाच नाही.
वही माझ्याकडे आली, मिशी आली,
तपकिरीच्या वासाचा अंगरखा आला.
खाटेवरून त्यानं छातीवर बुक्की मारून दाखवली,
खुणेनंच म्हणाला, इथं कांदा फोडायचा.

मी पंधरा दिवस आरशात रडून पाहिलं.
तुमी रडता का हासता, बायकोनं विचारलं.
तिचं खरं आहे.

एरवी मी कालव्याचा चौकीदार.
पाळीप्रमाणे पाणी सोडायचं, चक्राला ग्रीस द्यायचं,
नोंदवहीत वेळ लिहायची.
तलावानं तळ दाखवला त्या वर्षी
एका रात्री चौकीचं दार वाजलं.
भाऊ होता. धान गर्भावर आलेलं त्याचं.
"चार बोटं उघड," म्हणाला, "कोनाले समजते?"
पाळी टोकाच्या गावाची होती.
मी नाही म्हणालो, की काहीच म्हणालो नाही,
आता आठवत नाही.
आठवतो तो चक्राचा दांडा, दवानं गार,
आणि तो मी दोन्ही हातांनी धरलेला.
कुणी हिसकावून घेणार नव्हतं, तरी.

मग समाजमंदिरात, तालमीला,
पोराचं काम करणाऱ्या धनपालला म्हणालो,
हळू ठोक.
दिग्दर्शक वैतागले. मागे दोन हजार माणूस बसते,
तणसावर, घोंगड्या पांघरून,
त्यांना काय घंटा ऐकू जाईल?
हळूच ठोक, म्हणालो. उशीर झाल्यावर
माणूस आपल्याच घरी ठोकतो तसं,
एका बोटाच्या पेरानं.
गनिमाची भीती असू दे तुला.
पण बाप उघडणार नाही, हे तुला ठाऊकच नाही.

धनपाल पानठेल्यावर बसतो. चांगला पोरगा.
एकदाच सांगावं लागलं.

रडणं मी काढून टाकलं.
लांबलचक भाषण निम्मं काढलं, त्यावरून भांडण झालं,
गाणं गेलं म्हणून ऑर्गनवाला वेगळा रुसला.
मला फक्त हात हवा होता.
हात किल्लीवर जातो. तिथं थांबतो.
किती वेळ? दिग्दर्शकांनी वहीत लिहायला विचारलं.
मला आकडा सांगता आला नाही.

शंकरपटाची रात्र. तो प्रवेश पहाटे चारला येतो,
निम्मं गाव गुडघ्यांत डोकं घालून पेंगत असतं,
चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा घरघरतो.
भाऊ बसला होता की नाही, माहीत नाही,
तिकिटाच्या टेबलावर मी विचारलं नव्हतं.

धनपालनं ठोकलं.
थांबून पुन्हा ठोकलं.
माझा हात किल्लीवर.
ऑर्गनवाला वाजवायचं विसरला
की रुसवा काढत होता, देव जाणे.
स्टोव्ह कुणीतरी बंद केला.

तेव्हा अंधारातून, बायकांच्या बाजूनं,
एक म्हातारी, ओरडून नाही,
चुलीपाशी बसून बोलावं तशी म्हणाली,
"उघड ना बाप्पा. तुयाच पोट्टा हाये."

पुढचं वाक्य माझं होतं.
प्रॉम्प्टरनं विंगेतून एकदा दिलं.
दुसऱ्यांदा दिलं.
तिसऱ्यांदा इतक्या जोरात
की पहिल्या चार ओळींना ऐकू गेलं.
कुणी हसलं नाही.